पियानोचे पुस्तक घेताना आवृत्ती कशी पारखाल?

संगीतकार बाखचा एखादा प्रील्यूड (छोटी रचना) दोन वेगवेगळ्या पुस्तकांत उघडून पाहा. एकात जवळजवळ नुसते स्वर, दुसऱ्यात ओळीओळीवर स्लर (स्वर जोडून वाजवण्याच्या कमानी), वेग आणि जोराच्या खुणांची दाटी. या खुणा बहुतेक बाखच्या नाहीतच. बेथोव्हेनचा शिष्य चेर्नी याने १८३७ साली ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’ हा बाखचा प्रील्यूड-फ्यूगांचा संग्रह संपादित करताना आपल्या समजुतीप्रमाणे अशा खुणा घातल्या, आणि त्या वाचून कित्येक पिढ्या बाख शिकल्या.

अशी भर वाईटच असते असे नाही. पण मूळ कोणते आणि संपादकाचे कोणते, हे वाजवणाऱ्याला कळायलाच हवे. म्हणून आमच्या दुकानात आम्ही ‘उरटेक्स्ट’, म्हणजे मूळ पाठाच्या आवृत्तीचा आग्रह धरतो. हस्तलिखित आणि पहिल्या छापील प्रती ताडून ती तयार होते. मात्र मुखपृष्ठावरचा हा शब्द वाचून लगेच पैसे देऊ नका, तो कोणीही छापू शकतो. आतली प्रस्तावना आणि टिपा पाहा. कोणत्या प्रती वापरल्या, कुठे मतभेद आहेत, हे सांगितले नसेल तर पुस्तक खाली ठेवा.

शोपँच्या बाबतीत तर टिपांशिवाय चालतच नाही. त्याच्या अनेक रचना पॅरिस, लाइपझिग आणि लंडनहून साधारण एकाच सुमारास छापल्या गेल्या आणि तिन्हींत फरक राहिले. शिवाय शिष्यांच्या प्रतींत तो स्वतः पेन्सिलीने बदल करी. यान एकियर यांनी संपादित केलेली पोलिश राष्ट्रीय आवृत्ती हे फरक नीट उलगडून दाखवते. मोझार्टच्या ‘टर्किश मार्च’वाल्या सोनाटाच्या हस्तलिखिताची काही पाने २०१४ साली बुडापेस्टला सापडली, तेव्हा या सोनाटासाठी त्यानंतरची आवृत्तीच घ्या.

प्रकाशकांत हेन्ले, बेरेनरायटर, व्हिएना उरटेक्स्ट ही भरवशाची नावे. किंमत जास्त आहे, म्हणून पहिल्या-दुसऱ्या ग्रेडच्या मुलांसाठी ती घेऊ नका; परीक्षेचे पुस्तक पुरते. आयएमएसएलपी या संगीत-प्रतींच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवलेल्या प्रती बहुधा जुन्या छपाईच्या असतात. पहिल्या पानावर संपादकाचे नाव आणि साल शोधा.

नागपुरात सीताबर्डीच्या आमच्या दुकानात पुस्तके उघडून, शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. येताना रचनेचा ऑपस क्रमांक (संगीतकाराच्या रचनांना दिलेला क्रमांक) जरूर आणा: शोपँची ई फ्लॅट मेजरमधली नॉक्टर्न दोन आहेत, ऑपस ९ क्रमांक २ आणि ऑपस ५५ क्रमांक २.