मागचे चाक खोलण्यापूर्वी

साध्या सायकलला आमच्याकडून मोटर व बॅटरी बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी

किट बसवून घेतल्यानंतर पहिल्या काही महिन्यांत जी सायकल आमच्याकडे परत येते, तिची तक्रार बहुधा एकाच वाक्यात सांगितली जाते: मोटर अचानक बंद पडली. बॅटरी भरलेली असते, डिस्प्ले लागतो, मात्र चाक एक तर ओढच घेत नाही किंवा घरघर करत झटके देते. अशा वेळी आम्ही सर्वांत आधी 'नुकतेच मागचे पंक्चर काढले होते का?' असे विचारतो. पंक्चरचा आणि मोटरचा काय संबंध, असा भाव समोरच्या चेहऱ्यावर उमटतो आणि उत्तर येते, 'हो, कालच काढले.' तो संबंध काउंटरवर उभ्या-उभ्या सांगताना आमचा आणि आपला, दोघांचाही वेळ जातो, म्हणून तो येथे सविस्तर लिहिला आहे.

साध्या सायकलच्या चाकातील अ‍ॅक्सलचे, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याचे, काम केवळ भार पेलण्याचे असते. चाक त्याच्याभोवती फिरते, अ‍ॅक्सल जागच्या जागी राहतो, आणि नट थोडा सैल राहिलाच तर चाक तिरके होऊन ब्रेकला घासते, इतकेच. हब मोटरचे, म्हणजे आम्ही मागच्या चाकाच्या मध्यभागी बसवतो त्या मोटरचे, तसे नाही. मोटर चाकाला ज्या जोराने पुढे रेटते, त्याच जोराने तिचा अ‍ॅक्सल उलट दिशेने फिरू पाहतो, आणि त्याला अडवून धरणारे तो ज्यात बसतो त्या फ्रेमच्या खाचेशिवाय दुसरे काहीही नसते. आमच्या किटमधील ३६ व्होल्टच्या मोटरचा अ‍ॅक्सल १२ मिलिमीटर जाडीचा असून खाचेत बसावा म्हणून दोन बाजूंनी तासून १० मिलिमीटर केलेला आहे. चढावर मोटरचा पीळ (टॉर्क) ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास जातो, असे धरून हिशेब केला, तर या एवढ्याशा चपट्या कडांवर सुमारे साडेतीनशे किलोचा जोर येतो. साध्या चाकासाठी केलेली पत्र्याची खाच हा जोर रोजच्या रोज सोसेल, अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

म्हणूनच आम्ही प्रत्येक सायकलला दोन वस्तू न विचारता बसवतो: खाचेत अडकणारा दात असलेला वॉशर आणि टॉर्क आर्म, म्हणजे एका टोकाला अ‍ॅक्सलच्या मापाची खाच असलेली आणि दुसऱ्या टोकाला फ्रेमच्या नळीवर क्लॅम्पने आवळलेली पोलादी पट्टी. बाजारातील स्वस्त किटमध्ये ही पट्टी पुष्कळदा नसते. आमचे किट थोडे महाग का, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या पट्टीत आहे.

आता पंक्चरच्या दुकानात काय घडते ते पाहू. कारागीर सवयीने दोन्ही नट काढतो, वॉशर जमिनीवर पडतात आणि चाक बाहेर येते. चाक परत बसवताना दाताचा वॉशर उलटा लागतो किंवा फ्रेमच्या आतल्या बाजूला जातो, पट्टी आड येते म्हणून ती कागदात गुंडाळून आपल्या हातात दिली जाते, आणि नट आखूड पान्याने बेताचाच आवळला जातो. पंक्चर काढणाऱ्याचा यात दोष आहे असे आम्ही मानत नाही, कारण त्याच्या हाताखालून जाणारी जवळजवळ सगळी चाके साधी असतात आणि त्यांना एवढी काळजी लागतच नाही. सपाट रस्त्यावर आपल्यालाही काही जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी कोथरूडहून हिंजवडीला निघून चांदणी चौकाच्या चढाला आपण थ्रॉटल पूर्ण पिळता, तेव्हा अ‍ॅक्सल खाचेतल्या खाचेत फिरतो आणि स्वतःभोवती मोटरची केबल गुंडाळून घेतो.

खरे नुकसान होते ते या केबलचे. तिच्यात तीन जाड तारा मोटरला वीज देतात आणि बारीक तारा चाक कोणत्या स्थितीत आहे ते कंट्रोलरला, म्हणजे बॅटरीतून मोटरला वीज सोडणाऱ्या पेटीला, कळवतात. पीळ पडून जाड तारांचे आवरण सोलले गेले की त्या एकमेकींना चिकटतात आणि कंट्रोलर जळतो. जाड तार बारीक तारेला टेकली, तर मोटरमधील सेन्सरही निकामी होतात. मग मोटर उघडणे, जुनी केबल काढणे, पोकळ अ‍ॅक्सलमधून नवी ओवणे आणि एकेक तार डाग देऊन जोडणे, हे सगळे करावे लागते. पावसाळ्यात कामांची गर्दी असेल, तर याला तीन-चार दिवस लागतात, आणि तोवर आपली सायकल आमच्याकडेच अडकून राहते. खर्च नव्या ट्यूबच्या कितीतरी पट येतो, हे वेगळे सांगायला नको.

यावरचा उपाय सोपा आहे आणि तो आपल्याकडील पंक्चरवाल्यांच्या जुन्या पद्धतीतच आहे. पंक्चर काढण्यासाठी चाक खोलण्याची गरज नसते. बॅटरी बंद करून उतरवावी आणि सायकल स्टँडवर उभी ठेवावी. ती उलटी करून हँडलवर ठेवू नये, कारण तिचे वजन डिस्प्लेवर व थ्रॉटलवर येते. चेनच्या विरुद्ध बाजूने टायरची एकच कड रिमबाहेर घेऊन ट्यूब बाहेर ओढावी, हवा भरून घमेल्यातील पाण्यात गळती शोधावी, पॅच लावावा, टायरच्या आतून बोट फिरवून काटा निघाल्याची खात्री करावी आणि ट्यूब परत आत घालावी. कारागिराला आपण फक्त एवढेच सांगावे: 'चाक न काढता पंक्चर काढा.' यात मानहानी वाटण्यासारखे काही नाही. जुन्या बावीस इंची आणि चोवीस इंची सायकलींची पंक्चरे याच पद्धतीने काढली जात असत.

ट्यूब किंवा टायर बदलायचा असेल, तर मात्र चाक काढावेच लागते. त्यासाठी सायकल आमच्याकडे आणणे हे आम्हाला सोयीचे आहे आणि आपल्यालाही. तसे शक्य नसेल, तर नट काढण्याआधी दोन्ही बाजूंचे छायाचित्र मोबाइलमध्ये घ्यावे. फ्रेमवरील क्लिपा सोडवून केबलचा कनेक्टर सरळ ओढून काढावा, पिळून नव्हे. परत लावताना दोन्ही भागांवरील बाण समोरासमोर आणून खुणेच्या रेषेपर्यंत आत दाबावा. अर्धवट बसलेल्या कनेक्टरमध्ये पहिल्याच पावसात पाणी शिरते. केबल अ‍ॅक्सलमधून निघाल्यावर आधी खाली झुकून मग वर गेली पाहिजे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी मोटरमध्ये न जाता खाली ठिबकते. दाताचा वॉशर आणि पट्टी छायाचित्रात होती तशीच बसवून १८ नंबरच्या पान्याने नट आवळावा. किती आवळावा, असे विचारले जाते. पाना फूटभर लांब असेल, तर त्याच्या टोकाशी बारा-तेरा किलोचा भार दिल्याइतका. आखूड पान्याने एवढा जोर येत नाही.

अ‍ॅक्सल फिरून तुटलेली केबल आम्ही वॉरंटीत धरत नाही, याबद्दल काही ग्राहक नाराज होतात. नट, वॉशर आणि पट्टी आम्ही बसवली तशीच असेल आणि तरीही अ‍ॅक्सल फिरला असेल, तर दोष आमचा, आणि दुरुस्ती विनाशुल्क होईल. बसवताना आम्ही नटावर आणि फ्रेमवर मिळून लाल रंगाची एक रेघ ओढतो, ती याचसाठी. ती जुळत नसेल, तर चाक मधल्या काळात कोणीतरी खोललेले आहे.

याच कारणाने काही मागण्या आम्ही नाकारतो. मागचे चाक खोलण्याचा त्रास नको म्हणून मोटर पुढच्या चाकात बसवा, असे सांगितले जाते. पुढचा फोर्क अ‍ॅल्युमिनियमचा किंवा सस्पेन्शनचा असेल, तर आम्ही ते करत नाही, कारण पोलाद वाकते, पण अ‍ॅल्युमिनियमची खाच पूर्वसूचना न देता तडकते, आणि पुढचे चाक निसटले तर सायकलस्वाराचे काय होईल, हे लिहिण्याची गरज नाही. ५०० किंवा १००० वॅटची मोटर आम्ही बसवत नाही, त्यामागेही हाच पीळ आहे. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार नोंदणीपासून सूट मिळण्यासाठी शक्ती २५० वॅटच्या आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेत राहावा लागतो.

पंक्चरच कमी व्हावीत, यासाठी हवेकडे लक्ष द्यावे. मोटर आणि कॅरिअरवरील बॅटरी मिळून मागच्या चाकावर पाच-सहा किलो वाढलेले असतात. कमी हवेत खड्डा लागला, की ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटून दोन शेजारी भोके पडतात. टायर जाड, म्हणजे १.९५ इंची असेल, तर ४५ ते ५० पीएसआय हवा ठेवावी आणि दर आठवड्याला मोजावी. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नये. ट्यूब आणि टायरच्या मध्ये बसणारी काटारोधक पट्टी आमच्याकडे मिळते. नवे किट घेताना ती बसवून घेतल्यास मजुरी आकारली जात नाही, कारण चाक तेव्हा उघडेच असते.

सायकल दुरुस्तीला आणताना बॅटरीची चावी, चार्जर आणि पंक्चरवाल्याने कागदात बांधून दिलेले सर्व सुटे भाग सोबत आणावेत.