सोर्सपासून लिनक्स-बांधणी

लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा), सी लायब्ररी (प्रोग्रॅमांना लागणारा सामाईक कोड), कंपायलर (सोर्स कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम), शेल (आज्ञा स्वीकारणारा प्रोग्रॅम) आणि त्यांच्या जोडीची साधने यांचा सोर्स कोड स्वतः कंपाइल करून चालती संगणक प्रणाली उभी करण्याची पद्धत. डेबियन, फेडोरा यांसारखी वितरणे हे काम आधीच उरकून वापरकर्त्याला तयार पॅकेजे देतात. येथे ते आपल्याच यंत्रावर क्रमाने केले जाते. ‘कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल’ (तयारी, कंपाइल, स्थापना) ही आज्ञांची त्रिपदी वाचकाला परिचित आहे असे येथे धरले आहे.

या पद्धतीचा आरंभ कोठे धरावा याविषयी एकमत नाही. एका मतानुसार तो लिनक्सच्या जन्माइतकाच जुना आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये दिलेली ०.०१ आवृत्ती मिनिक्स ही युनिक्ससारखी प्रणाली चालणाऱ्या यंत्रावर जीसीसी या कंपायलरच्या १.४० आवृत्तीने कंपाइल करावी लागे, आणि नुसत्या कर्नलने काही साधत नसल्यामुळे शेल, कंपायलर, लायब्ररी यांची सोय निराळी पाहावी लागे. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील ०.११ पासून लिनक्सवरच लिनक्स कंपाइल होऊ लागले. दुसरे मत हा मान जेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या मार्गदर्शिकेला देते. पहिल्या मताला तारखांचा आधार आहे. तथापि १९९१ मध्ये दुसरा मार्गच नव्हता. फेब्रुवारी १९९२ चे ‘एमसीसी इंटरिम’ हे वितरण, पाठोपाठ १९९३ मधील स्लॅकवेअर व डेबियन यांनी ती गरज हळूहळू संपवली. तयार प्रणाली हाताशी असताना मुद्दाम पत्करलेली बांधणी या अर्थाने पाहिल्यास दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. तंत्र मात्र दोन्हींहून जुने आहे. जीसीसी १९८७ पासून उपलब्ध आहे, आणि परक्या युनिक्सवर तो आधी तिथल्या कंपायलरने, मग स्वतःने, मग पुन्हा स्वतःने कंपाइल करून शेवटच्या दोन फेऱ्यांच्या फाइली ताडून पाहण्याची रीत त्याच्याबरोबरच रुळली.

बांधणीचा नाजूक भाग अगदी सुरुवातीला येतो. नवा कंपायलर घडवायला जुना कंपायलर लागतो, आणि तो ज्या प्रणालीवर असतो तिला यजमान म्हणतात. यजमानाच्या लायब्रऱ्या नव्या प्रणालीत नकळत शिरल्या, तर ती वरकरणी चालते आणि यजमानापासून तोडताच कोसळते. त्यातच जीसीसी आणि जीलिबसी (वर उल्लेखलेली सी लायब्ररी) यांचे एकमेकांवाचून अडते. जीलिबसी कंपाइल करायला जीसीसी हवा, तर जीसीसीच्या काही भागांना, विशेषतः सी++ लायब्ररीला, जीलिबसी आधी हवी. म्हणून प्रथम बिनयुटिल्स (असेंबलर, लिंकर इत्यादी साधनांचा संच) बांधतात. त्यानंतर सी लायब्ररी नाहीच असे समजून एक अपुरा जीसीसी, मग कर्नलच्या हेडर फाइली (त्याच्याशी बोलण्यासाठी लागणाऱ्या व्याख्या), मग त्या अपुऱ्या जीसीसीने जीलिबसी आणि अखेरीस सी++ लायब्ररी असा क्रम लागतो.

‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’च्या २०२० मधील १०.० आवृत्तीपासून यजमानाला दूर ठेवण्यासाठी क्रॉस-कंपायलेशन, म्हणजे एका यंत्रावर दुसऱ्या यंत्रासाठी कंपाइल करणे, वापरतात. त्यातली युक्ती गमतीची आहे. यंत्राच्या ‘एक्स८६_६४-पीसी-लिनक्स-जीएनयू’ अशा नावातील ‘पीसी’ काढून तेथे ‘एलएफएस’ हे ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’चे लघुरूप लिहितात. प्रोसेसर तोच, यंत्रही तेच. पण नाव जुळत नाही एवढ्यावरून बांधणीच्या स्क्रिप्ट हे काम परक्या यंत्रासाठी चालले आहे असे धरतात आणि यजमानाच्या लायब्रऱ्यांकडे फिरकत नाहीत. साखळी नीट जमली का, हे एका ओळीच्या चाचणीने कळते. रिकामे ‘मेन’ फंक्शन असलेला सी प्रोग्रॅम कंपाइल करून त्यात कोणत्या डायनॅमिक लिंकरचा (प्रोग्रॅम सुरू होताना त्याला लायब्रऱ्या जोडून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मार्ग नोंदला गेला, ते ‘रीडएल्फ’ या साधनाने पाहतात. ६४-बिट इंटेल यंत्रावर तो ‘/लिब६४’खालचा दिसला पाहिजे. भलताच दिसला, किंवा काहीच दिसले नाही, तर पुढे रेटू नये.

तात्पुरती साधने तयार झाली की नवी डिरेक्टरी हीच मूळ डिरेक्टरी आहे असे भासवणाऱ्या ‘सीएचरूट’ या आज्ञेने तीत शिरून सुमारे ८० पॅकेजांची खरी बांधणी होते. जीलिबसी व जीसीसी यांचीही ती पुन्हा होते. लोकेल (भाषा व प्रदेशानुसारच्या मांडणीची व्याख्या) हेही याच टप्प्यावर तयार करतात. जीलिबसीत मराठीची व्याख्या आहे, पण ‘लोकेलडेफ’ चालवल्याशिवाय ती प्रणालीत उतरत नाही, आणि ‘डेट’ ही आज्ञा महिन्याचे नाव इंग्रजीतच सांगत राहते. वेळ तासांत न सांगता ‘एसबीयू’ या एककात सांगतात. बिनयुटिल्सच्या पहिल्या फेरीला आपल्या यंत्रावर लागलेला वेळ म्हणजे एक एसबीयू. हाकेच्या अंतराइतकेच हे माप सापेक्ष आहे.

शेवटी ‘मेनुकॉन्फिग’ या मेनूमध्ये पर्याय निवडून कर्नल बांधतात व यंत्र सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या ग्रबची जोडणी करतात. डिस्कच्या कंट्रोलरचा किंवा फाइल सिस्टिमचा ड्रायव्हर कर्नलमध्येच न घेता मॉड्यूल (मागाहून चढवायचा सुटा भाग) म्हणून ठेवला आणि इनिटरॅमएफएस (सुरुवातीला असे भाग पुरवणारी तात्पुरती फाइल सिस्टिम) केले नाही, तर पहिल्याच बूटला रूट फाइल सिस्टिम माउंट करता आली नाही असा संदेश देऊन कर्नल पॅनिक होते.

‘सोर्सपासून’ या शब्दाची मर्यादा या विषयात सर्वाधिक चर्चिली गेली आहे. केन टॉम्प्सन यांनी आपल्या ट्युरिंग पारितोषिक व्याख्यानात (प्रसिद्धी १९८४) दाखवले, की कंपायलरच्या बायनरीत (कंपाइल झालेल्या रूपात) दडवलेली चोरवाट लॉगिन प्रोग्रॅममध्ये शिरू शकते आणि कंपायलर स्वतःला पुन्हा कंपाइल करतो तेव्हा पुढच्या पिढीतही जाते. सोर्स कोड कितीही वाचला तरी तिचा माग लागत नाही. डेव्हिड व्हीलर यांनी यावर दुसऱ्या, स्वतंत्र कंपायलरने तपासणी करण्याचा उपाय मांडला. जीएनयू ग्विक्स या वितरणाने २०२३ मध्ये ३५७ बाइटांच्या बीज-प्रोग्रॅमपासून पायरीपायरीने जीसीसीपर्यंत पोहोचण्याची साखळी पूर्ण केली. काही जण येथे प्रश्न निकालात निघाला असे मानतात. मात्र ती साखळी ज्या कर्नलवर चालते ते तयारच घेतलेले असते, त्यामुळे प्रश्न बराच आक्रसला इतकेच म्हणणे रास्त होईल.

डॅनियल रॉबिन्स यांच्या जेंटू या वितरणाने (१.० आवृत्ती, मार्च २००२) फ्रीबीएसडी प्रणालीच्या ‘पोर्ट्स’वरून स्फूर्ती घेऊन सोर्सपासून बांधण्याचे हे काम ‘पोर्टेज’ या पॅकेज मॅनेजरकडे सोपवले. आपल्या प्रोसेसरसाठी खास कंपाइल केल्याने वेग वाढतो, हा त्या काळचा आवडता युक्तिवाद. रोजच्या वापरात तो फरक सहसा जाणवत नाही. नको ते भाग ‘यूज फ्लॅग’ या पर्यायांनी गाळता येणे हा लाभ अधिक खरा. डिसेंबर २०२३ पासून जेंटूनेही तयार बायनरींचा मोठा साठा देऊ केला आहे. राउटर व तत्सम उपकरणांसाठी बिल्डरूट आणि योक्टो ही बांधणीची साधने वापरतात.

हाताने बांधलेल्या प्रणालीला पॅकेज मॅनेजर नसतो, त्यामुळे सुरक्षा-दुरुस्त्यांवर मालकालाच लक्ष ठेवावे लागते. चालत्या प्रणालीत जीलिबसी बदलणे जोखमीचे असते. म्हणून अशा वेळी मोकळ्या पार्टिशनवर पहिल्यापासून बांधणी करतात, आणि आधी बांधलेली प्रणाली त्या वेळी यजमान म्हणून वापरतात.