पेन्सिल्व्हेनिया: बेकारीच्या धास्तीपासून महागाईच्या रागापर्यंत

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत पेन्सिल्व्हेनियाचा कल बदलला की वाहिन्यांवर लगेच ‘अर्थव्यवस्था’ हे कारण पुढे येतं. ते खोटं नसतं, पण या राज्यात त्या कारणाचा अर्थ गेल्या चाळीस वर्षांत पार बदलला आहे.

१९८३ च्या सुरुवातीला पिट्सबर्ग परिसरात बेकारी १७ टक्क्यांच्या आसपास होती. मोनोन्गाहेला नदीकाठचे पोलाद कारखाने एकेक करून बंद पडत होते. होमस्टेडचा प्रचंड कारखाना १९८६ मध्ये थंडावला. तरी १९८४ मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष रेगन हे राज्य जिंकले. फरक आतल्या नकाशात दिसतो: देशभर रेगन यांची लाट असताना पिट्सबर्गच्या आसपासच्या पोलादी पट्ट्याने त्यांच्या विरोधात, डेमोक्रॅटिक उमेदवार माँडेल यांना मतं दिली. नोकरी गेल्याचा राग तिथेच साचून राहिला, राज्यभर पसरला नाही.

पसरला तो १९९१ मध्ये. राज्याचे सिनेटर जॉन हाइन्झ विमान अपघातात गेले आणि पोटनिवडणूक लागली. रिपब्लिकन उमेदवार डिक थॉर्नबर्ग माजी गव्हर्नर, शिवाय थोरल्या बुश यांच्या सरकारातले अ‍ॅटर्नी जनरल (कायदा खात्याचे प्रमुख). समोर डेमोक्रॅट हॅरिस वॉफर्ड, फारसे कुणाला माहीत नसलेले. सुरुवातीच्या जनमत चाचण्यांत ते ४० हून अधिक टक्के-अंकांनी मागे होते. मंदी होती, नोकरीबरोबर आरोग्य विमाही जाईल ही भीती मध्यमवर्गात शिरली होती. वॉफर्ड यांनी नेमकं तेच धरलं आणि जवळपास १० अंकांनी जिंकले. त्यांची मोहीम आखणारे जेम्स कार्व्हिल पुढच्याच वर्षी क्लिंटन यांच्याकडे गेले. ‘अर्थव्यवस्थेचंच बघा’ ही त्यांची प्रसिद्ध तंबी पेन्सिल्व्हेनियात तावूनसुलाखून निघाली होती, असं म्हणायला हरकत नाही.

एवढी उलथापालथ आता इथे होत नाही. मतदार पक्षांत घट्ट वाटले गेले आहेत. २०१६ मध्ये ट्रम्प सुमारे ४४ हजार मतांनी जिंकले, २०२० मध्ये बायडेन सुमारे ८० हजारांनी, २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प, साधारण १ लाख २० हजारांनी. त्यातही २०१६ च्या चाचण्या चुकल्या. बऱ्याच संस्थांच्या नमुन्यात पदवी नसलेले मतदार कमी पडले होते आणि आकडे जुळवताना शिक्षणाचा विचारच झाला नव्हता. म्हणजे आर्थिक चिंता मोजायची, पण ती ज्यांना सर्वात जास्त त्यांनाच कमी विचारायचं!

२०२४ ची चिंता वेगळी होती. राज्यातली बेकारी ४ टक्क्यांच्या खाली होती. पण जून २०२२ मध्ये देशातली महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती, आणि पुढे तिचा वेग उतरला तरी किराणा, घरभाडं, गाडीचा विमा यांचे भाव चढलेलेच राहिले. बेकारी काहींच्याच घरात शिरते. अंड्यांचा भाव सगळ्यांना कळतो. म्हणून रोजगाराचे चांगले आकडे दाखवूनही डेमोक्रॅट्सच्या हाती काही लागलं नाही. त्यात भर पडली फ्रॅकिंगची, म्हणजे खडक फोडून नैसर्गिक वायू काढण्याची; या राज्यात तो रोजगाराचा प्रश्न आहे. त्यावर बंदी हवी, असं डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस २०१९ मध्ये म्हणाल्या होत्या. २०२४ मध्ये त्यांनी भूमिका बदलली, तरी ते वाक्य जाहिरातींतून पाठलाग करत राहिलं.

आता चाचण्या वाचताना एक अडचण येते. व्हाइट हाउसमध्ये माणूस बदलला की रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट दोघांचंही अर्थव्यवस्थेबद्दलचं मत लगेच पलटतं. बाजारातले भाव मात्र तेच असतात. त्यामुळे राज्याच्या एकूण आकड्यापेक्षा ईरी आणि नॉर्थॅम्प्टन या दोन काउंटींकडे (जिल्ह्यांकडे) पाहिलेलं बरं. २०१२ मध्ये ओबामा, २०१६ मध्ये ट्रम्प, २०२० मध्ये बायडेन, २०२४ मध्ये ट्रम्प: चारही वेळा त्या राज्याबरोबरच वळल्या.