सिमेंटच्या गिलाव्याने ओल जात नाही, कोंडते
२०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सांगलीत हाच सल्ला कानावर आला: "जुन्या वाड्याला सिमेंटचा गिलावा मारा, ओल जाईल आणि भिंतही पक्की होईल." होतं उलटंच. माती-चुन्यातली वीट पाणी पिते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते हळूहळू बाहेर सोडते. वर सिमेंट थापलं की वाट बंद. ओल भिंतीत वर चढते, क्षार साठून लोणा (पांढरी खारट भुकटी) फुटतो. बोटाने वाजवून बघा, गिलावा बद्द वाजतो. सोललात तर मागे विटेचा भुगा.

वाड्यात वाचनालय काढा नाहीतर कॅफे (तेवढाच वाडा वाचला!), पण आधी सिमेंट उतरवा, भिंत सुकू द्या, मग चुना. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, तेव्हा उद्घाटनाची तारीख जरा लांबचीच धरा.