संवर्धित वास्तवाची इतिहास-ॲप : डेस्कटॉप संगणकावरील वापर

मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या दृश्यावर एखादी जुनी वास्तू, वस्तू किंवा प्रसंग बसवून दाखविणारी ॲप डेस्कटॉप संगणकावर चालविण्याच्या पद्धती. एम्युलेटर (मोबाइलच्या यंत्रणेची संगणकावर नक्कल करणारा कार्यक्रम), आधी करून ठेवलेल्या चित्रणाची पुनरावृत्ती आणि मोबाइलचा पडदा संगणकावर उमटविणे हे तीन मार्ग त्यात येतात. यांपैकी तिसऱ्यात ॲप खरे तर मोबाइलवरच चालते. तरी व्यवहारात त्यालाही ‘संगणकावर चालविणे’ म्हणतात, म्हणून तो येथे घेतला आहे.

संज्ञा : मराठीत ‘संवर्धित वास्तव’ आणि नुसते ‘एआर’ ही दोन्ही नावे रूढ आहेत, ‘आभासी वास्तव’ ही निराळी संकल्पना आहे. मूळ इंग्रजी संज्ञेचे श्रेय बोइंग या विमान कंपनीतील टॉम कॉडेल यांना देतात. वर्षाबद्दल मात्र एकमत नाही. अनेक ठिकाणी १९९० हे वर्ष दिलेले आढळते. छापील आधार जानेवारी १९९२ मध्ये हवाई येथील परिषदेत कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी मांडलेल्या निबंधाचा असून विमानातील तारांची जुळणी हा त्याचा विषय होता. संज्ञा छापली जाण्याआधी तोंडी वापरात असणे शक्य आहे. नोंदीसाठी १९९२ हे वर्ष अधिक सुरक्षित. संज्ञेच्या कितीतरी आधी, १९६८ मध्ये, आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा पारदर्शी पडदा दाखविला होता.

व्याख्येसाठी रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ मध्ये सांगितलेल्या तीन अटी बहुतेक अभ्यासक मानतात : खरे व आभासी यांचा मेळ, तत्क्षणी प्रतिसाद आणि त्रिमितीत अचूक बसवणूक. या अटी काटेकोर लावल्या, तर एम्युलेटरमधील कृत्रिम खोलीत उभी केलेली ममी संवर्धित वास्तवात बसत नाही, कारण तिथे खरे असे काहीच नसते. मिलग्रॅम आणि किशिनो यांनी १९९४ मध्ये खऱ्या व आभासी परिसरांना एकाच सलग पट्टीची दोन टोके मानले. ती मांडणी येथे अधिक उपयोगी पडते. डेस्कटॉपवर आलेले ॲप त्या पट्टीवर आभासी टोकाकडे सरकते, एवढेच म्हणणे योग्य.

‘एम्युलेटर’ हा शब्द १९६३ मध्ये आयबीएम कंपनीत, सिस्टिम/३६० या संगणकमालेची जुळवाजुळव चालू असताना रूढ झाला. जुन्या यंत्रासाठी लिहिलेले कार्यक्रम नव्या यंत्रावर चालावेत, हा त्यामागचा हेतू होता. एम्युलेटर आणि सिम्युलेटर या शब्दांची बोलण्यात सरमिसळ होते, पण या विषयात तो फरक निर्णायक ठरतो. अँड्रॉइडचा अधिकृत एम्युलेटर क्यूईएमयू या मुक्त प्रणालीवर उभा आहे. तो मोबाइलच्या यंत्रणेची नक्कल करतो आणि त्यात तयार ॲप जसेच्या तसे बसविता येते. ॲपलचा सिम्युलेटर तसा नाही. त्यासाठी ॲप मूळ आज्ञावलीपासून मॅकच्या प्रोसेसरकरिता नव्याने बांधावे लागते, आणि ही आज्ञावली फक्त निर्मात्याजवळ असते. त्यामुळे दुकानातून घेतलेले आयफोनचे ॲप त्यात चालविता येत नाही. शिवाय त्यात कॅमेराही नसतो.

पूर्वपीठिका : घराबाहेरचा इतिहास घरातल्या संगणकावर आणण्याचा विचार स्मार्टफोनपेक्षा जुना आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्टीव्हन फाइनर, टोबियास होलरर आणि पत्रकारितेचे प्राध्यापक जॉन पाव्लिक यांनी १९९९ मध्ये ‘स्थळनिष्ठ माहितीपट’ मांडले. पाठीवर संगणकाचे ओझे आणि डोक्यावर पारदर्शी पडदा घेऊन विद्यापीठाच्या आवारात फिरणाऱ्याला १९६८ चे विद्यार्थी आंदोलन, तसेच त्याच जागी पूर्वी असलेले ब्लूमिंगडेल मनोरुग्णालय दिसे. त्याच वर्षी या गटाने या व्यवस्थेला घरातली बाजूही जोडली. आत डेस्कटॉपसमोर बसलेली व्यक्ती आवाराच्या त्रिमितीय प्रतिकृतीवर बाहेर फिरणाऱ्याचा मार्ग पाहू शके आणि त्याच्यासाठी खुणाही करू शके. म्हणजे डेस्कटॉप हा येथे नंतर सुचलेला पर्याय नाही; तो आरंभीच्या आराखड्यातच होता. आजच्या चर्चेत ही गोष्ट फारशी येत नाही, हे खटकते. ग्रीसमधील ऑलिंपिया येथे युरोपीय संघाच्या साहाय्याने झालेला, अवशेषांच्या जागी मूळ वास्तू दाखविणारा आर्किओगाइड प्रकल्पही साधारण याच काळातला.

मोबाइलवर ही कल्पना २०१० च्या सुमारास आली. म्युझियम ऑफ लंडनच्या स्ट्रीटम्युझियम या ॲपमध्ये शहरातील जागेवर तिथलेच जुने छायाचित्र दिसे. ॲपलचे एआरकिट (२०१७) आणि गुगलचे एआरकोअर (पहिली पूर्ण आवृत्ती फेब्रुवारी २०१८) ही एआर ॲप बांधण्याची साधने आल्यावर वस्तू टेबलावर किंवा जमिनीवर स्थिर बसविणे सोपे झाले. बीबीसीचे सिव्हिलायझेशन्स एआर (२०१८) याचा चांगला नमुना होय. त्यात तीसहून अधिक कलावस्तू व पुरावस्तू होत्या. ममीच्या पेटीवर मोबाइल धरला, की आतले दृश्य उलगडत जाई.

अडचणीचे मूळ : पुष्कळांची समजूत अशी, की संगणकाला वेबकॅम जोडला म्हणजे काम झाले. तसे होत नाही. मोबाइल आपली जागा दोन साक्षींवरून ठरवितो. कॅमेऱ्याच्या चित्रातील ठळक बिंदू कसे सरकतात ही एक, आणि गायरोस्कोप व प्रवेगमापक यांनी नोंदविलेली हालचाल ही दुसरी. दोन्ही जुळल्या तरच मोबाइल किती सरकला, टेबलाचा पृष्ठभाग किती दूर आहे, हे निश्चित होते. वेबकॅमला हे सेन्सर नसतात. वेबकॅम हातात धरून फिरविला तर चित्र हलते, पण एम्युलेटरमधला कल्पित मोबाइल जागचा हललेला नसतो. दोन साक्षींत विसंगती येते आणि ॲप ‘मोबाइल हळू फिरवा’ अशी सूचना देत तिथेच अडकते.

दुसरी अडचण मान्यतेची. कॅमेरा, सेन्सर व प्रोसेसर तपासून गुगल एकेका मॉडेलला एआरकोअरसाठी मान्यता देते. ज्या ॲपला एआर अनिवार्य म्हणून नोंदविले आहे, ते मान्यता नसलेल्या मोबाइलला प्ले स्टोअरवर दिसतच नाही. एआर ऐच्छिक असेल तर ॲप उघडते आणि निर्मात्याने तशी सोय ठेवली असल्यास वस्तू साध्या त्रिमितीत दाखविते. खेळांसाठी लोकप्रिय असलेल्या ब्लूस्टॅक्ससारख्या एम्युलेटरचा भर वेगावर आणि कळफलकाच्या सोयीवर असल्याने इतिहास-ॲपसाठी त्यांच्यावर विसंबू नये. तिसरी अडचण प्रोसेसरची : बरीच ॲप एआरएम प्रोसेसरसाठी बांधलेली असतात, तर बहुतेक डेस्कटॉप एक्स८६ जातीचे. एम्युलेटरसाठी दिलेल्या अँड्रॉइड ११ च्या आवृत्तीत (२०२०) एआरएम आज्ञांचे भाषांतर करण्याची सोय आली आणि ही अडचण बरीच कमी झाली.

आभासी खोली : अँड्रॉइड स्टुडिओ या गुगलच्या ॲप-निर्मितीच्या साधनातील एम्युलेटरने साक्षींच्या विसंगतीवर उपाय काढला तो कॅमेऱ्यासमोर खोटी खोली उभी करून. मागच्या कॅमेऱ्यासाठी ‘व्हर्च्युअल सीन’ निवडायचा आणि एम्युलेटरसाठी वेगळी दिलेली एआरकोअर सेवा बसवायची. मग पडद्यावर सजविलेला दिवाणखाना दिसतो. ऑल्ट कळ दाबून ठेवली, की डब्ल्यू व एस या कळांनी पुढे-मागे, ए व डी यांनी डावी-उजवीकडे, क्यू व ई यांनी खाली-वर जाता येते. मान माऊसने वळते. चित्र आणि सेन्सरची आकडेवारी एकाच कल्पित हालचालीतून तयार होत असल्याने दोन्ही साक्षी जुळतात. दाराने जेवणाच्या खोलीत गेल्यावर तिथली भिंत आणि टेबल यांवर आपल्याला हवे ते चित्र लावता येते. संग्रहालयाचे पत्रक किंवा एखादे जुने चित्र ओळखून उघडणारे ॲप असेल, तर त्या चित्राची प्रत या भिंतीवर लावून समोर उभे राहावे. दोन-तीन पावले इकडेतिकडे सरकल्यावर चित्र ओळखले जाते. वस्तूभोवती सावकाश फिरणे, तिच्या मागे जाणे, खाली वाकून तळ पाहणे हे हात न दुखता करता येते. पंधरा मिनिटे मोबाइल उंच धरून ज्याने ममीवरचे नक्षीकाम न्याहाळले असेल, त्याला याचे मोल कळेल.

एम्युलेटरला अक्षांश-रेखांश किंवा आखलेला मार्गही देता येतो. नुसत्या उपग्रहीय स्थानावर चालणाऱ्या ॲपला ते पुरते. मे २०२२ मध्ये जाहीर झालेली एआरकोअरची भूस्थानिक सेवा मात्र समोरच्या इमारतींचे दृश्यही रस्त्याच्या साठविलेल्या चित्रांशी ताडून पाहते. दिवाणखान्याची भिंत दाखवून ती फसत नाही.

चित्रणाची पुनरावृत्ती : २०२१ मध्ये एआरकोअरला जोडलेली ही सोय इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वाटते. प्रत्यक्ष जागी मोबाइल फिरवून केलेले चित्रण सेन्सरच्या नोंदींसह एकाच एमपी४ फाइलमध्ये साठते आणि पुढे तीच फाइल ॲपला जिवंत कॅमेऱ्याच्या जागी पुरविता येते. खोली कृत्रिम नसते. दगड, ऊन, पायऱ्या सारे त्या जागेचे असते. ज्याला तिथे जाता येत नाही, त्या विद्यार्थ्यापर्यंत जागा पोहोचते. अट एकच, की ही सोय निर्मात्याने ॲपमध्ये लिहिलेली असली पाहिजे. ॲपलनेही २०१९ पासून आयफोनवरील असे चित्रण एक्सकोड या आपल्या ॲप-निर्मितीच्या साधनात पुन्हा चालविण्याची सोय दिली, पण ती निर्मात्यांपुरती. नोव्हेंबर २०२० नंतरच्या ॲपल-प्रोसेसरच्या मॅकवर आयफोनची अनेक ॲप चालतात; एआरकिटचा कॅमेरा-भाग त्यांवर चालत नाही.

पडदा उमटविणे : वर्गात किंवा व्याख्यानात दाखविण्यापुरते काम असेल, तर हा मार्ग उत्तम. एससीआरसीपीवाय (२०१८) हे मुक्त साधन अँड्रॉइडचा पडदा यूएसबी तारेवरून संगणकावर आणते. त्यासाठी मोबाइलमधील यूएसबी डिबगिंग (संगणकाला मोबाइलवर आज्ञा देऊ देणारी सोय) चालू करावे लागते. मॅकवरील आयफोन मिररिंगमध्ये (२०२४) मोबाइलचा कॅमेराच वापरता येत नाही, म्हणून या कामी ते निरुपयोगी. नुसती वस्तू पाहायची असेल, तर यांपैकी काहीच लागत नाही. रोझेटा शिलालेखाची त्रिमितीय प्रतिकृती ब्रिटिश म्युझियमने २०१७ मध्ये स्केचफॅब या त्रिमितीय प्रतिकृतींच्या संकेतस्थळावर ठेवली. ती साध्या ब्राउझरमध्ये फिरविता येते.

जतन : संगणकशास्त्रज्ञ जेफ रोथेनबर्ग यांनी १९९५ पासून डिजिटल दस्तऐवज टिकविण्यासाठी एम्युलेशनचा पुरस्कार केला, दुसरा पक्ष मजकूर वेळोवेळी नव्या स्वरूपात नेण्याचा. इतिहास-ॲपच्या बाबतीत दोन्ही लागतात. २०१७ मध्ये आयओएस ११ ने ३२ बिटांची ॲप बंद केली. गुगलचा टँगो हा एआरचा आधीचा प्रकल्प १ मार्च २०१८ रोजी संपला आणि त्याच्या, समोरच्या वस्तूंचे अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्यावर विसंबलेली ॲप एआरकोअरवर आपोआप आली नाहीत. अँड्रॉइड ॲपची एपीके (ॲप बसविण्याची) फाइल जपून ठेवली तरी वस्तूंच्या प्रतिकृती सर्व्हरवर असतील आणि तो सर्व्हर बंद झाला असेल, तर एम्युलेटरमध्ये ॲप उघडते आणि टेबल रिकामे राहते. म्हणून संग्रहालयांनी एपीकेबरोबर प्रतिकृतींच्या मूळ फाइली, ओळख-चित्रे आणि प्रत्यक्ष जागेवर केलेले निदान एक सेन्सरसहित चित्रण एकत्र ठेवावे, आणि हे काम ॲप चालू असतानाच उरकावे.