डीचं प्यादं: एक घर की दोन? किंग्ज इंडियन आणि ग्रुनफेल्डची गफलत

घोडा एफ६ वर, जी-प्यादं एक घर पुढे, त्यामागे जी७ वर उंट आणि मग किल्लेकोट. रविवारी सकाळी सुदामानगरच्या आमच्या घरात सात-आठ मुलं बुद्धिबळाचा पट मांडून बसतात. दहा मिनिटांनी फेरी मारली तर निम्म्या पटांवर काळे मोहरे असेच मांडलेले दिसतात. एकाला विचारलं, "काय खेळतोयस रे?" तर म्हणाला, "काका, किंग्ज इंडियन." पुढच्या रविवारी तोच मुलगा, तसाच पट, तोच प्रश्न. या खेपेला उत्तर आलं, "ग्रीनफील्ड."

त्याला ग्रुनफेल्ड म्हणायचं होतं. किंग्ज इंडियन आणि ग्रुनफेल्ड हे दोन बचाव, म्हणजे काळ्याने डाव सुरू करायच्या दोन पद्धती. उच्चाराचं एवढं काही नाही, इंदूरच्या पोह्यांबरोबर तेही पचतं. पण पुढे एका स्पर्धेत त्याने या दोन बचावांची खिचडी केली आणि सहाव्या चालीलाच घोडा घालवून बसला. त्याची स्कोअरशीट मी जपून ठेवली आहे (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा; आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; मोहऱ्याचं नाव नसेल तिथे प्यादं):

१. डी४ घोडा एफ६  २. सी४ जी६  ३. घोडा सी३ उंट जी७  ४. ई४ डी५

पाचव्या चालीला पांढऱ्याने सी-प्याद्याने डी५ घेतलं, याने घोड्याने परत घेतलं, आणि ई४ वरच्या प्याद्याने तो घोडा उचलला. "पण काका, ग्रुनफेल्डमध्ये डी५ खेळतातच ना?" हा त्याचा प्रश्न. खेळतात. पण ई४ वर प्यादं येण्याआधी.

सगळा घोटाळा या एका प्याद्याचा आहे. किंग्ज इंडियनमध्ये काळ्याचं डी-प्यादं एक घर चालतं, डी६ वर थांबतं आणि पांढऱ्याला म्हणतं, घे बाबा सगळं मैदान, नंतर बघू. ग्रुनफेल्डमध्ये तेच प्यादं दोन घरं उडी मारतं आणि तिसऱ्या चालीलाच भांडण उकरून काढतं. त्याआधीच्या चाली सारख्याच. आमच्या सराफ्यात रात्री आठ-नऊच्या सुमाराला उभ्या असलेल्या पाहुण्याला कळत नाही की इथे सोनं विकतात की भुट्ट्याचा कीस. ओटा तोच, शटर पडलं की धंदा बदलतो. तसं हे.

तर ग्रुनफेल्डची खरी चाल अशी: तिसऱ्या चालीला पांढरा घोडा सी३ वर आला की लगेच डी५. पांढरा सी-प्याद्याने घेतो, काळा घोडा परत घेतो. आता पांढरा ई४ करून घोड्याला हाकलायला बघतो. पण घोडा मागे जातच नाही, सी३ वरच्या घोड्यावर तुटून पडतो आणि मारामारी होते. पांढरा बी-प्याद्याने परत घेतो. पांढऱ्याकडे सी३, डी४, ई४ अशी प्याद्यांची देखणी रांग उभी राहते आणि काळ्याकडे वरकरणी काहीच नसतं. मुलांना मी इथे थांबवून विचारतो, सी३ वर पांढरा घोडा नसता तर? तर काळ्या घोड्याला मारायला कुणी नाही, त्याला मुकाट बी६ वर पळावं लागलं असतं आणि पांढऱ्याला मधलं मैदान फुकटात मिळालं असतं. म्हणून ग्रुनफेल्ड खेळणाऱ्याने डी५ करण्याआधी दोन घरं बघायची: सी३ वर पांढरा घोडा आहे का, आणि ई४ रिकामं आहे का. आमच्या पोराने पहिलं बघितलं, दुसरं नाही.

एक घर आणि दोन घरं यावरून मला आजोबा आठवतात. ते देशी पद्धतीने खेळायचे. प्यादं एका वेळी एकच घर चालायचं, आणि शह बसलेला नसेल तर राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारायची मुभा असायची. या बचावांना 'इंडियन' हे नाव तिथूनच आलं. १८५० च्या दशकात कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी नावाचे खेळाडू जॉन कॉक्रन या बॅरिस्टरशी डाव मांडत. देशी खेळात वाढलेल्या माणसाच्या हाताला जी६, डी६ अशी एकेका घराची चाल सवयीची असणारच. गंमत म्हणजे याच बॅनर्जींनी १८५५ मध्ये कॉक्रनविरुद्ध तिसऱ्या चालीला डी५ खेळलं, म्हणजे आजचा ग्रुनफेल्डच! व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने तो १९२२ मध्ये खेळायला घेतला आणि त्याच वर्षी, पुढे जगज्जेता झालेल्या अलेखाइनला हरवलं; कलकत्त्याचा डाव त्याच्या सदुसष्ट वर्षं आधीचा. त्या डावात मात्र कॉक्रन जिंकला. वजिराचा बळी जी८ वर आणि घोड्याने एफ७ वरून मात, काळा राजा स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेला. दोन्ही बचावांच्या जन्मपत्रिकेत एकच माणूस सापडतो, म्हणून गोंधळणाऱ्या मुलांवर मी फार रागावत नाही.

आता जी७ वरच्या उंटाकडे या. दोन्हींतला फरक मला इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. ग्रुनफेल्डमध्ये हा उंट राजासारखा जगतो. समोरची तिरकी रेषा मोकळी, थेट डी४ वर नजर. काळ्याची प्रत्येक पुढची चाल त्याच्याच मदतीला येते: सी५ करून डी४ ला धक्का, घोडा सी६ वर, उंट जी४ वर म्हणजे डी४ राखणारा पांढरा घोडा जागीच जखडला. पांढऱ्याची ती देखणी रांग इमारत नसून ओझं आहे, हे पटलं की ग्रुनफेल्ड अर्धा समजला. डी४ पडलं की सगळं ढासळतं. नाही पडलं, तर ते प्यादं पुढे सरकत सातव्या रांगेपर्यंत येतं आणि काळ्याची झोप उडवतं.

किंग्ज इंडियनमध्ये तोच उंट, तेच घर, पण नशीब वेगळं. काळा ई५ करतो, पांढरा डी५ करून मैदान बंद करतो आणि उंटाच्या तोंडावर स्वतःच्याच ई५ प्याद्याची भिंत उभी राहते. बिचारा कित्येक डावांत मुकाट एफ८ वर जाऊन डी६ च्या प्याद्याची राखण करतो. हल्ल्यात जीव असतो तो दुसऱ्या उंटात, सी८ वर न हललेल्या. एफ५, एफ४, जी५, जी४ अशी प्यादी पांढऱ्या राजाच्या अंगावर गेल्यावर एच३ वर स्वतःला फेकून दार फोडणारा तोच. मुलं घाईने त्याची घोड्याशी अदलाबदल करतात तेव्हा मी कपाळाला हात लावतो. ग्रुनफेल्डमध्ये हाच उंट जी४ वर जाऊन घोडा खाऊन आला तर मी शाबासकी देतो. पोरांना वाटतं काकांचं डोकं फिरलंय.

बंद मैदानाचा हा खेळ म्हणजे शर्यत. पांढरा सी५ करून वजिराच्या बाजूने घुसतो, काळा राजाच्या बाजूने. पांढरा पोचला तर एखादं प्यादं जिंकतो, काळा पोचला तर राजा. अर्जेंटिनातल्या मार देल प्लाताचं नाव या प्रकाराला मिळालं ते १९५३ च्या स्पर्धेतल्या नायडॉर्फ-ग्लिगोरिच डावामुळे. त्याआधी ब्रॉनस्टाइन आणि बोलेस्लाव्स्की या सोव्हिएत खेळाडूंनी 'मागास' समजल्या जाणाऱ्या या बचावाला मान मिळवून दिला होता. हल्ला फसला तर मात्र काळ्याकडे जागा कमी, उंट कोंडलेला आणि वजीर उतरल्यावर रडगाणं. ग्रुनफेल्डमध्ये उलट आहे. वजिराच्या बाजूला काळ्याची ए आणि बी अशी दोन प्यादी पांढऱ्याच्या एका ए-प्याद्यासमोर उरतात, म्हणून पांढऱ्याचं डी-प्यादं आवरलं तर लांबलेला डाव काळ्याला मानवतो.

पाठांतराचं म्हणाल तर ग्रुनफेल्ड फार मागतो. प्याद्यांच्या रांगेसमोर काळा थेट मारामारी करत असतो, एक चाल चुकली तर रांग अंगावर येते. नमुन्यादाखल: काळ्याने उंट जी४ वर आणल्यावर आणि घोडा ए५ वर नेल्यावर पांढरा बाराव्या चालीला उंटाने एफ७ चं प्यादं खाऊन शह देतो. कारपोवने १९८७ मध्ये सेव्हियाच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात कास्पारोवविरुद्ध हे वापरलं, म्हणून त्या शाखेला सेव्हिया म्हणतात. पांढऱ्याने हत्ती बी१ वर आणला तर काळा वजीर ए५ वरून शह देत ए२ चं प्यादं खातो, आणि तिथून पुढच्या वीस चाली घोकाव्या लागतात. पांढऱ्याने पाचव्याच चालीला वजीर बी३ वर काढला तर ते तिसरंच पुस्तक.

आणि पाठांतर कसं दगा देतं हे २०१० मध्ये सोफियातल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात दिसलं. आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेने विमानं बंद, म्हणून आनंद फ्रँकफर्टहून रस्त्याने तिथवर आलेला. टोपालोवविरुद्धच्या पहिल्याच डावात त्याने ग्रुनफेल्ड निवडला, तयारीतल्या चालींचा क्रम चुकला, २३ व्या चालीला राजा एफ७ वर आणला. टोपालोवचा घोडा लगेच एफ६ वर तुटून पडला आणि तीस चालींत डाव संपला. आनंदने सामना पुढे ६.५-५.५ असा जिंकला. पण जगज्जेत्यालाही जिथे तेविसावी चाल आठवत नाही, तिथे आठवीतल्या मुलाकडून काय अपेक्षा ठेवायची?

किंग्ज इंडियनलाही ढीगभर थिअरी, म्हणजे आधीच शोधून ठेवलेल्या चाली, आहे, त्यात शंका नाही. पांढऱ्याने नवव्या चालीला बी४ करून रशियाच्या क्रॅमनिकसारखी संगीन रोखली की योजना माहीत असून भागत नाही. नव्वदच्या दशकात कास्पारोवलाही त्याचा त्रास झाला. तरी क्लबच्या पातळीवर विसरलेली चाल योजनेवरून शोधून काढता येते. सहाव्या चालीला ई५ करताना मुलं घाबरतात, प्यादं जाईल म्हणून. प्याद्यांची आणि वजिरांची मारामारी होऊन पांढऱ्या घोड्याने ई५ खाल्लं, तरी काळा घोडा ई४ चं खातो आणि हिशेब फिटतो. हे एकदा पटावर करून दाखवलं की पुरतं.

"मी दोन्ही खेळतो," असं तो मुलगा अजून म्हणतो. कास्पारोवही दोन्ही खेळायचा, मी त्याला नाही म्हणत नाही. पण नावं चालींच्या क्रमाने ठरत नाहीत, हे त्याला अमेरिकेच्या बॉबी फिशरच्या डावाने पटलं. १९५६ मध्ये न्यूयॉर्कला तेरा वर्षांच्या फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध उंट जी७ वर ठेवला, किल्लेकोट केला, चार चाली किंग्ज इंडियनसारख्या केल्या आणि पाचव्या चालीला डी५. ग्रुनफेल्ड! ई४ वर अजून प्यादं आलेलं नव्हतं, घोडा सी३ वर होता. माझ्या त्या दोन प्रश्नांची उत्तरं बरोबर. पुढे वजिराचा बळी देऊन फिशर जिंकला, ते सगळ्यांना माहीत असतं. मला ती पाचवी चाल जास्त आवडते.

उलटा प्रकारही होतो. २०१२ च्या मॉस्कोतल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात आनंदसमोरच्या गेलफांडने आधी ग्रुनफेल्ड खेळला होता. आठव्या डावात आनंदने तिसऱ्या चालीला घोडा सी३ वर न आणता एफ३ केलं. गेलफांडने सी५ आणि डी६ असा देशी वळणाचा पट घेतला, भलत्या लोभाने वजीर एच१ च्या कोपऱ्यात नेला आणि १७ व्या चालीवर हार मानून हात मिळवला. म्हणून ग्रुनफेल्ड शिकणाऱ्याला थोडा किंग्ज इंडियन शिकावाच लागतो. किंग्ज इंडियनवाल्याला ग्रुनफेल्ड आला नाही तरी चालतं. मुलांना मी आधी किंग्ज इंडियन देतो त्याचं हेच कारण.

मागच्या रविवारी तो डी-प्याद्यावर बोट ठेवून बराच वेळ बसला होता. समोरच्याने तिसऱ्या चालीला जी३ केलं होतं. "काका, घोडाच आला नाही. आता?" म्हटलं, आधी सी६ कर, मग डी५. त्याने घेतलं तर सी-प्याद्याने घे, दोन्हीकडे सारखा पट होईल, कुठून वारा शिरणार नाही.

"म्हणजे मारामारी नाहीच?" त्याचं तोंड वाकडं झालं. मग त्याने उंट जी७ वर ठेवला आणि डी-प्यादं एक घर सरकवलं.