"पूर्वी पुणं किती सेफ होतं" हा गैरसमज

सोसायटीच्या ग्रुपवर कोयता घेऊन गाड्या फोडणाऱ्या पोरांची सीसीटीव्ही क्लिप आली की खाली हमखास मेसेज येतो, आमच्या वेळी असं नव्हतं, आता खूनच खून. अहो, 1976-77 आठवा की! जोशी-अभ्यंकर खून प्रकरणात दहा जण गेले आणि अंधार पडला की लोक दारं लावून बसायचे.

आता देशाचं बघा. 1992 च्या सुमारास वर्षाला 40 हजारांच्या आसपास खून नोंदले जायचे, लोकसंख्या तेव्हा 90 कोटीसुद्धा नव्हती. 2022 मध्ये लोकसंख्या 140 कोटी आणि खून 28,522, म्हणजे लाखामागे दोनच्या आसपास. खुनाचाच आकडा का घ्यायचा, तर मोबाईल चोरीची तक्रार लोक करतात किंवा नाही करत, आता ऑनलाईन सोय झाली म्हणून नोंदी वाढतात, पण मृतदेह सहसा लपत नाही.

ड्युटीवर पोलीस मारले जाण्याचंही तसंच. अमेरिकेत 1973 मध्ये हल्ल्यांत 130 च्या वर पोलीस मारले गेले, 2013 मध्ये 27. पोलीस सुरक्षित असणं फार महत्त्वाचंय, कारण रात्री नाकाबंदीला उभा असलेला कॉन्स्टेबल न घाबरता गाडी थांबवू शकला तरच तो समोरच्याशी नीट बोलतो, घाबरलेला माणूस आधी काठी उचलतो.

कोयत्याची दहशत खरी आहे, ज्यांच्या रिक्षा फुटल्या त्यांचं नुकसानही खरंच, त्यावर कडक कारवाई पाहिजेच. पण क्लिप फॉरवर्ड करण्याआधी ती कधीची, कुठली एवढं तरी बघा, आणि त्यावरून पोरींना क्लासला पाठवणं बंद करू नका.